टोकन गोळा आणत नाही याबाबत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम लातूर, सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

श्रीमान व्याहीसाहेब अमृतराव यांच्या सेवेशी, शिवमूर्तीचा सप्रेम शरणार्थ.

तुमची तब्येत कशी आहे हे विचारतो, पण उत्तर खरं द्यावं. मागच्या पत्रात तुम्ही नुसतं ‘ठीक’ लिहिलंत. त्या ‘ठीक’वर अंजूला हात थरथरल्याच्या खुणा दिसल्या आणि तुमची लेक (म्हणजे आता आमची सून, पण रडताना ती तुमचीच लेक असते) दिवसभर नीट जेवली नाही. तेव्हा या वेळी ‘ठीक’च्या पुढे निदान दोन ओळी असाव्यात. टाके सुकले का, जिना चढताना दम लागतो का, आणि मुदखेडात तुम्हाला जेवायला कोण घालतं, तेही कळवावं. इकडे सिद्धेश्वराच्या कृपेने सगळे बरे आहेत. महादेवीचे गुडघे आहेत तसेच आहेत. तुमचा जावई संगमेश डाळमिल नीट चालवतो. मला गादीवर बसू देतो, बोलू देत नाही. माझी साखर बरीच उतरली आहे, ती कशी उतरली ते पुढे येईलच. महादेवीने तुमच्यासाठी कारळाची चटणी करून ठेवली आहे. डॉक्टरांनी तुम्हाला मीठ कमी सांगितलंय म्हणून तिच्यात मीठ घातलेलं नाही, त्यामुळे ती चटणी राहिलेली नाही, पण काळजी आहे असं समजून खावी.

तुमचं कार्ड मिळालं. ‘गुरुवारी येतो. टोकनला घेऊन त्याच दिवशी परत. चहा फिका ठेवावा.’ एवढाच मजकूर. जन्मभर स्टेशनमास्तरकी केलेल्या माणसाच्या हातून तारेची भाषा सुटत नाही, हे मी समजू शकतो. मी फोनवरच उत्तर देणार होतो, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणून ठेवून देता आणि माझं वाक्य अर्ध्यात लोंबत राहतं. पत्राचं तसं नाही. ते मधेच ठेवून देता येतं, पण टेबलावरून बघत राहतं.

आता मुद्द्याचं. टोकनला न्यायला तुम्ही येणार, तो तुमचा हक्क आहे. कुत्र्याचं पिल्लू तुमचं. नांदेडला तुमचं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा अंजू त्याला सांभाळायला इकडे घेऊन आली, ते तुम्ही बरे होईपर्यंत. तुम्ही आता बरे आहात असं तुम्ही म्हणता. त्यात माझा काही वाद नाही. पण माल उचलण्याआधी त्यातले खडे दाखवणं हा बाजाराचा धर्म आहे (तो आम्ही नेहमी पाळतो असं नाही, पण धर्म आहे), आणि व्याह्याशी तरी तो पाळायलाच हवा. उद्या तुम्ही म्हणाल, शिवमूर्तीने बोलायला पाहिजे होतं. तर बोलतो. पहिलाच खडा मोठा आहे. टोकन गोळा आणत नाही.

तुम्हाला आठवत असेल, अंजूच्या लग्नात हळदीच्या मांडवात तुम्ही मला टोकन म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. वरमाय वाट बघत होती, बँडवाले खोळंबले होते, आणि तुम्ही मला जुन्या एकेरी लाइनीचा नियम सांगत होता. ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा पडला की मगच गाडी पुढच्या स्टेशनाकडे सोडायची, आणि पुढच्या स्टेशनावर तो गोळा उतरवून घ्यायचा. गोळा नाही तर गाडी नाही. इंजिन धडधडत येतंय, ड्रायव्हरने हात बाहेर काढलाय आणि माणूस खाली उभा राहून त्याच्या हातात गोळ्याची कडी देतोय, हे तुम्ही उभं राहून करून दाखवलंत तेव्हा तुमच्या हातातला हळदीचा वाडगा माझ्या नव्या धोतरावर गेला. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी खरोखर भारावलो होतो. अशा माणसाने प्लॅटफॉर्मच्या बाकाखाली सापडलेल्या पिल्लाचं नाव टोकन ठेवावं हे रास्तच आहे. पण त्याच नावाच्या पिल्लाने गोळ्याकडे पाठ करून बसावं, याला काय म्हणावं?

गोळा आणायला शिकवण्याची कल्पना माझी, आणि तीही नाइलाजाची. टोकन आला त्या दिवशी महादेवीने उंबऱ्यावरच कायदा सांगितला. कुत्रं ओसरीच्या आत येणार नाही. देवघराच्या वाऱ्यालाही उभं राहणार नाही. आणि कामाचं नसेल तर गुढीपाडव्याच्या आत त्याची रवानगी रेणापूरच्या शेतावर. कायदा ऐकताना टोकन तिच्या पायाच्या बोटातलं जोडवं चाटत होता, ही सुरुवात काही शुभ नव्हती. आता गावठी पिल्लू, अंगाचा रंग सालीसकट तुरीचा, शेपूट अजून कुठे न्यायची हे न ठरलेली, हे ‘कामाचं’ आहे असं दाखवायचं कसं? मला वाटलं, फेकलेली वस्तू आणून देतो एवढं जरी दिसलं तरी पुढे चपला, वर्तमानपत्र, भाजीची पिशवी असं काम वाढवत नेता येईल. म्हणून मी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन एक रबरी गोळा आणला. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का अप्पा? मी हो म्हणालो. मला सबंध गोष्ट सांगायची लाज वाटली.

पहिला गोळा मी अंगणात फेकला. टोकन उठला, घाई न करता गोळ्यापाशी गेला, वास घेतला, पंजाने एकदा उलटा केला, पुन्हा वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कंटाळा नव्हता, असलीच तर थोडी सहानुभूती होती. आणि मान दुसरीकडे वळवून तो तुळशीपाशी जाऊन बसला. अमृतराव, मी थक्क झालो. हा शब्द मी सहसा वापरत नाही. बाजारात थक्क झालेला माणूस बुडतो. पण तीन-चार महिन्यांच्या जिवाने एखादी वस्तू इतकी नीट तपासून इतक्या शांतपणे नाकारलेली मी पाहिली नव्हती. मी पुन्हा फेकला, त्याने पुन्हा तपासला. मी गोळा तुपात बुडवून फेकला, त्याने तूप चाटून घेतलं आणि गोळा तिथेच ठेवला. (तूप महादेवीच्या डब्यातलं होतं. हे तुम्ही तिला सांगू नये.)

शेजारचे पंचाक्षरी सर गच्चीवरून हे सगळं बघत होते. सर म्हणजे इथल्या क्लासेसमध्ये जन्मभर गणित शिकवलेले गृहस्थ. निवृत्त झाल्यापासून शिकवायला कुणी नाही म्हणून त्यांचा जीव कासावीस होतो. ते खाली आले आणि म्हणाले, अप्पा, मूल मंद नसतं, पद्धत चुकते. त्यांनी टोकनचं वेळापत्रक केलं. सकाळी सराव, दुपारी उजळणी, रविवारी चाचणी. नंतर त्यांनी स्वतः दोन पायांवर बसून, हाताचे तळवे जमिनीला टेकवून, तोंड गोळ्याजवळ नेऊन प्रात्यक्षिकही दाखवलं. मग उठून समजावताना खिशातून काढलेलं पेन ते सवयीने सारखं टकटक करत होते. टोकनने संपूर्ण तास लक्षपूर्वक ऐकला आणि तास संपल्यावर सरांच्या हातातलं पेन अलगद दातात धरून निघून गेला. सर म्हणाले, विद्यार्थी हुशार आहे, पण अभ्यासक्रमाबाहेरचं वाचतो. ते पेन सरांना निरोपसमारंभात मिळालेलं होतं, त्यामुळे त्या रविवारची चाचणी त्यांनी रद्द केली.

मग मी त्याला मैदानावर नेऊ लागलो. मला वाटलं, मोकळी जागा मिळाली की पाय सुटतील. सुटले, पण माझे. मी गोळा फेकायचा, टोकनने बसून राहायचं, आणि गोळा गटारात जाऊ नये म्हणून मीच धावत जाऊन आणायचा. सकाळी फिरायला येणारी मंडळी आधी हसली, मग त्यांना सवय झाली, मग त्यातले काही मला ‘थोडं डावीकडे अप्पा’ असं सांगू लागले. महिनाभराने मी साखर तपासली तेव्हा डॉक्टर म्हणाले, काय चालू केलंत? मी म्हणालो, कुत्र्याला शिकवतोय. तर हा दुसरा खडा समजावा: या पिल्लापायी मालकाला धावावं लागतं, आणि तुमच्या छातीला अजून धावणं वर्ज्य आहे.

तिसरा खडा चोरीचा. पेन ही सुरुवात होती. त्यानंतर ओसरीवरून वस्तू जाऊ लागल्या. माझा चष्मा गेला. महादेवीची जपमाळ गेली (तेव्हा मी जेवण सोडून शोधायला लागलो, कारण प्रकरण रेणापूरच्या पलीकडे जाण्याची चिन्हं होती). संगमेशच्या गाडीची किल्ली गेली. विशेष असं की जमिनीवर पडलेल्या, कुणी टाकून दिलेल्या वस्तूला हा प्राणी शिवत नाही. भाकरीचा तुकडा फेकला तर बघतसुद्धा नाही, ताटात हाताने ठेवला तर खातो. आणि वस्तू हातातली असली, कुणी घट्ट धरून बसलं असलं, की हा समोर बसून तिच्याकडे आदराने बघत राहतो. माणसाचं लक्ष थोडं हललं की वस्तू गायब. सगळ्या वस्तू शेवटी सापडल्या वरच्या खोलीत. अंगणातल्या जिन्यावरची ती रिकामी खोली त्याने गोदाम केली होती. पेन, चष्मा, माळ, किल्ली, अगदी ओळीने भिंतीला लावून ठेवलेलं. एकाही वस्तूला दाताची खूण नाही. मी उभा राहून बघत राहिलो. आमच्या मिलच्या गोदामातसुद्धा पोती इतकी नीट लागत नाहीत. (तिथे आणखी एक वस्तू होती. तिच्याबद्दल खाली लिहितो, इथे लिहिली तर पत्राची शिस्त जाईल.)

आता चौथा खडा, आणि हा ऐकून तुम्हाला पटेल की असलं जनावर मुदखेडसारख्या साध्या ठिकाणी नेण्यात अर्थ नाही. घरात चोऱ्या होतात म्हणून मी त्याला रोज बाजारात माझ्यासोबत नेऊ लागलो होतो. तुम्ही आमचा सौदा पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. शेतकऱ्याचा माल आडतीपुढे (म्हणजे दलालाच्या दुकानापुढे) ढीग करून ओतलेला असतो. घेणाऱ्याने मूठभर तूर उचलायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा, आणि मूठ परत ढिगावर फेकून मान दुसरीकडे वळवायची. जणू त्या ढिगात जळण भरलंय. माल जितका पसंत, तितकी मान जास्त वळवायची. ‘यात काही दम नाही’ असं पुटपुटायचं आणि दोन पावलं निघून जायचं. फेकलेल्या मुठीकडे ज्याने वळून बघितलं, त्याला तो माल महाग पडतो. मी मिलसाठी चाळीस वर्षं अशीच तूर घेतली. आता संगमेश घेतो, पण हाताला सवय आहे, म्हणून मी उगाच मुठी उचलत फिरतो. टोकन माझ्या पायाशी बसून हे सगळं बघायचा. मला वाटायचं चिमण्या बघतोय.

एक दिवस आमचे जुने आडते बसवराज यांच्या दुकानापुढे नवी तूर आली होती. मी अजून पुढे झालो नव्हतो. टोकन माझ्याआधी गेला. ढिगात पंजा घातला, नाक खुपसलं, फुर्र करून शिंकला, आणि मान पार उजव्या खांद्यापर्यंत वळवून दुसरीकडे बघत उभा राहिला. सगळी आडत भोवती जमली. बसवराजांनी गादीवरून खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अप्पा, ह्यानं माल पसंत केलाय. आता मी भाव उतरवीत न्हाई.” आणि खरंच उतरवला नाही. संगमेश माझ्यावर चिडला. मी मात्र त्या दिवशी टोकनकडेच बघत होतो. मला जे शिकायला माझ्या वडिलांच्या किती टपला खाव्या लागल्या, ते या प्लॅटफॉर्मवर जन्मलेल्या जिवाने चिमण्या बघताबघता उचललं होतं. व्याहीसाहेब, देवाने एवढ्याशा डोक्यात एवढं कुठे ठेवलं असेल?

घरी येऊन मी हे कौतुकाने सांगितलं. महादेवी भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही, पण जे गेल्या कित्येक आठवड्यांत मला कळलं नव्हतं, पंचाक्षरी सरांना कळलं नव्हतं, ते तिने एका भाकरीत सांगितलं. “तुमी गोळा टाकताव अन् लगेच मान फिरवताव. लेकराला वाटतंय ह्यो नापास माल हाय. त्यानं कामून उचलावा?” मी म्हणालो, मी मान फिरवत नाही. ती म्हणाली, फिरवताव. मला बघायला आल्ताव तवाबी फिरवलती. आता ही गोष्ट तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय महादेवी मला सोडत नाही. उदगीरला मुलगी बघायला गेलो, महादेवी चुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी घेऊन आली, मी एकदा बघितलं आणि आतून इतका हललो की सवयीने मान खिडकीकडे वळवली आणि चुरमुऱ्यात मीठ जास्त झालंय असं म्हणालो. माझ्या सासऱ्यांनी साहजिकच नकार समजून निलंग्याच्या स्थळाशी बोलणी सुरू केली. माझ्या मामाला उन्हात धावत जाऊन सांगावं लागलं की आमच्या पोराला मुलगी फार पसंत आहे, म्हणूनच तो असा वागला. महादेवीने हे अजून माफ केलेलं नाही. तिने त्या दिवशी मीठ बरोबर घातलं होतं, असं तिचं म्हणणं आहे.

तेव्हा टोकन गोळा का आणत नाही ते कळलं, पण कळून उपयोग काय? या वयात मान कशी सुधारणार? मी गोळा फेकतो, मान वळतेच. सबब असा हा माल आहे: गोळा आणत नाही, चोऱ्या करतो, मालकाला पळवतो आणि बाजार चढवतो. अशाला मुदखेडला नेऊन तुम्ही कुठे निस्तरत बसणार? माझं ऐकाल तर गुरुवारी त्याला नेण्याचा त्रास घेऊ नये. आमचं काय, आम्ही कसंतरी ओढतो. बाकी सर्व क्षेम. पाणी उकळून प्यावं, जिना सावकाश चढावा आणि या पत्राचं वाईट वाटून घेऊ नये.

आपला, खडे दाखवून मोकळा झालेला व्याही,
शिवमूर्ती

ता. क. १ : वर मी टोकन गोळा आणत नाही असं लिहिलं आहे. आणतो. हे पाकीट डकवल्यावर महादेवीने विचारलं, काय लिहिलंत? मी सांगितलं, आणि तिने भांड्याची वाफ धरून पाकीट उघडायला लावलं. घडलं असं की गेल्या आठवड्यात अंगणात तिने माझ्यामागे उभं राहून माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं, म्हणाली, आता फेका, आणि बघा त्याच्याकडं, हवाय म्हणून बघा. पंचाक्षरी सर गच्चीवर होते, पण इलाज नव्हता. मी फेकला. मान वळायला गेली, तिने वळू दिली नाही. मी गोळ्याकडे बघत राहिलो. टोकनने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग गोळ्याकडे, पुन्हा माझ्या डोळ्यांकडे. मग तो असा सुटला की शेपूट कुठे न्यायची तेही त्याला त्या क्षणी कळलं. गोळा त्याने पायाशी टाकला नाही. मी हात पुढे करेपर्यंत तोंडात धरून उभा राहिला आणि मग तळहातावर ठेवला. तो ओला होता आणि कोमट होता. मी रडलो. सरही रडले, पण त्यांनी पेनचं निमित्त सांगितलं. महादेवी एवढंच म्हणाली की आत आणा त्याला, बाहेर ऊन हाय. तेव्हापासून तो ओसरीच्या आत असतो, आणि रेणापूरचं नाव घरात कुणी काढत नाही. तर तुमचं पिल्लू अस्सल आहे. सांगून टाकलं.

ता. क. २ : त्या वरच्या खोलीतली राहिलेली वस्तू. पेन, चष्मा, माळ, किल्ली यांच्या पलीकडे, एकटीच, घडी न विस्कटता ठेवलेली तुमची हिरवी झेंडी होती. स्टेशनातली, दांडीची. ही आमच्या घरात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. टोकन जमिनीवरचं काही उचलत नाही, कुणी हातात घट्ट धरलेलंच नेतो, हे तोवर मला कळलं होतं. म्हणून मी अंजूला हाक मारली. ती दारात उभी राहिली, झेंडी बघून तोंडाला पदर लावला. मुदखेडहून निघताना ती तिने गुपचूप पिशवीत घातली होती आणि रोज दुपारी, आम्ही आडवे झालो की, ओसरीवर हातात घेऊन बसत होती. मी विचारलं, बाबांना इकडे यायला का म्हणत नाहीस? ती म्हणाली, “म्हणलं असतं मामा, पण तुम्हीच नांदेडला नको म्हणालात ना.” अमृतराव, एवढा समंजस, एवढा गप्प राग मी कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता, आणि तो माझ्यावर होता.

ता. क. ३ : म्हणून आता नांदेडचं. दवाखान्यात तुम्ही म्हणालात, लेकीच्या घरी मुक्काम करणं आपल्यात बसत नाही, मी मुदखेडलाच जातो. त्यावर मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, बरोबर आहे, आमची वरची खोली तापते, नळाला पाणी येईल तेव्हा येतं, तुमची सोय तिकडेच आहे. आणि मान खिडकीकडे वळवली. व्याहीसाहेब, बाजारात कुणी इतकी नावं ठेवली असती तर समोरच्याने ओळखलं असतं की हा माणूस माल घेतल्याशिवाय हलणार नाही. पण तुम्ही रेल्वेचे. तुम्हाला लाल म्हणजे लाल. तुम्ही मान हलवलीत, पिल्लू अंजूच्या हातात दिलंत आणि एकटे रिकाम्या घरात गेलात. माझ्या वळलेल्या मानेमुळे पूर्वी एक लग्न मोडता मोडता राहिलं. या वेळी मामाही नव्हता धावायला. तेव्हा आता मान सरळ ठेवून लिहितो. मला तुम्ही इथे हवे आहात. टोकन हवाच आहे, पण त्याआधी तुम्ही. संध्याकाळी माझ्याशी बोलायला कुणी नाही, संगमेश बोलू देत नाही, आणि त्या लोखंडी गोळ्याची गोष्ट मला पुन्हा ऐकायची आहे, धोतर गेलं तरी चालेल. लेकीच्या घरी राहायचं नाही हा तुमचा नियम असेल तर तो मोडू नका. वरची खोली आता आमची नाही, टोकनने घेतलेली आहे. तुम्ही आपल्या पिल्लाकडे राहा. त्याला तर कुठलाच शास्त्रार्थ आडवा येत नाही ना? महादेवीने खोली सारवून, खाट टाकून ठेवली आहे. पाणी मी स्वतः वर आणून देईन, मला धावायची सवय झाली आहे.

ता. क. ४ : अंजूला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागू नये. झेंडी तेवढी तिच्याकडून मागून घेतली आणि आज सकाळी फाटकाला बांधली. हिरवी झेंडी म्हणजे ‘या’ की ‘जा’, हे तुमच्या नियमात काय असेल ते असो. आमच्या दारात तिचा अर्थ ‘या’ असा आहे. गुरुवारी मी फाटकात उभा राहून रस्त्याकडे बघत असेन. परतीचं तिकीट काढू नये. आणि झेंडी फाटकावर दिसली नाही तर गैरसमज करून घेऊन मागे फिरू नका. मी तिच्याकडे फार वेळ बघत बसलो की टोकन ती सोडवून वर नेतो. ती तुमच्या खोलीत असेल.